वीसपैकी सतरा

पुनोच्या विद्यापीठात दुसऱ्या मजल्यावरची लॅब
सहा वाजले की फ्रीज होते.
बोटं आखडतात, म्हणून मी सोल्डरची तार दातांत धरते
आणि विल्बर ओरडतो,
शिसं आहे त्यात, यानेत, शिसं!

तपकिरी, काळा, नारिंगी. दहा हजार.
पिवळा, जांभळा, लाल. चार हजार सातशे.
हातमोज्यांची टोकं कात्रीनं उडवलेली,
त्या उघड्या बोटांनी आम्ही एक ट्रान्झिस्टर
तीन पायांवर उभा करतो,
त्याच्या मागे दुसरा, स्पीकर ओढायला.

इंजिनियर सापाना सांगतात,
पुरता जागा ठेवू नका, पुरता झोपवूही नका.
स्पॅनिशमध्ये त्या जागेला विसाव्याचा बिंदू म्हणतात.
विसावा कसला!
घरात आजारी माणूस असताना आई झोपते, तसं ते:
एक कान उशीत, एक उघडा.
बारा व्होल्टच्या खोलीत त्याला सहावर बसवायचं,
म्हणजे लाट केवढीही उसळली
तरी तिचं डोकं छताला लागू नये,
पाय फरशीला.

आमच्या पहिल्या लाटेचं लागलंच.
स्कोपच्या हिरव्या पडद्यावर ती माथ्याशी चपटी,
गवंड्यानं थापी मारावी तशी.
दोन आठवडे नुसती आकडेमोड.
सकाळी खिडकीतून ऊन बोर्डावर आलं की एक उत्तर,
संध्याकाळी दुसरंच.
माझ्या आजोबांसारखा आहे, विल्बर म्हणाला,
थंडीत कुणाचं ऐकत नाही.
शेवटी एमिटरपाशी एक लहानसा रोध घातला.
आवाज घटला थोडा,
पण स्वारीचं चित्त थाऱ्यावर आलं.

आणि तिसऱ्या बुधवारी,
इनपुटला काही म्हणजे काही जोडलेलं नसताना,
स्पीकर बोलला.

पुरुषाचा आवाज, घशात वाळू असलेला. आयमारा.
मला ती भाषा कामापुरती कळते,
आई बाजारात घासाघीस करायची तेवढीच:
आकडे, महाग, नको, जाऊ दे.
मेंढीचा भाव मला कळला. पुढचं विल्बर सांगत गेला,
डोळे मिटून, एक शब्द मागे राहून:
तळ्याकाठच्या एउस्ताकिया वायाता यांना निरोप.
भावाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आहे.
येताना घोंगडी आणा, आणि

तुमची तार अँटेना झालीय, सापाना मागून म्हणाले.
कुठेतरी जोड कच्चा आहे, तिथं रेडिओ शिरतोय.
नको असलेला सिग्नल. घालवा.

मसुरीच्या दाण्याएवढा कपॅसिटर.
मीच खोचला तो.
वाक्य मध्येच मिटलं, आणि पडद्यावर
आमची लाट आली, गुळगुळीत,
नुकतीच न्हाऊन आल्यासारखी.

अहवालात लिहिलं:
दोष, मध्यम लहरींचा व्यत्यय.
उपाय, शंभर पिकोफॅरड.
सतरा मिळाले वीसपैकी. तीन कापले,
कारण आलेखाच्या उभ्या अक्षावर
मी एकक लिहायला विसरले होते.

शुक्रवारी सगळे गेल्यावर
विल्बरनं चिमट्यानं तो दाणा उपटला.
सिमेंटची जाहिरात. एक लग्नातलं गाणं.
पुन्हा सिमेंट.
आणि काय आणायला सांगितलं असेल, मी विचारलं.
त्यानं खांदे उडवले.
मोजे असतील. कागदपत्रं. दवाखान्यात काय काय लागतं.

किल्ल्या वाजवत पहारेकरी नियेवेस वर आला
आम्हाला हाकलायला,
आणि दारातच थबकला.
गव्हाचे भाव चालले होते तेव्हा.
आवाज वाढवा की जरा, म्हणाला.

बटणच नाही याला, आम्ही म्हटलं,
आहे तेवढाच.

त्यानं टोपी काढली,
कानावरची लोकर मागे सारली
आणि स्टूल पुढे ओढलं.