धूर पास

क्लोविसच्या वार्तान केशिशियानकडून पेटी आणली.
अकराशे डॉलर, रोख. नोटा त्यानं दोनदा मोजल्या
आणि एकदा मलाही मोजायला लावल्या.
आत टर्बो, वाकड्या नळ्या,
वाळक्या पानांनी बुजलेला इंटरकूलर
आणि एक स्क्रू, जो कुठेच बसत नव्हता.
"सरकारी मंजुरीचा नंबर?" मी विचारलं.
"असेल," तो म्हणाला. "असतोच."

'असेल'वर विसंबून मी आयुष्यात बरंच काही घेतलंय.

गाडी नव्व्याण्णवची, दोघांपुरती, कापडी छपराची.
छपराची उजवी शिवण माझीच, गोधडीच्या टाक्याची.
तीन शनिवार गाडीखाली गेले,
मनगटावरची थोडी कातडी मॅनिफोल्डला दिली.
चौथ्या शनिवारी, सँगरच्या रस्त्यावर,
द्राक्षांच्या ओळींमध्ये कागदांवर बेदाणे वाळत पडले होते,
तिथं पाय दाबला.

गाडीनं सोडलेल्या श्वासावरच एक चाक फिरतं,
आणि ते बाहेरची हवा ओढून तिच्याच छातीत कोंबतं.
एवढंच आहे सगळं.
पण मागून कुणीतरी पाठीवर तळवा टेकवून
"जा गं" म्हणाल्यासारखं झालं.
सत्तेचाळीस वर्षांत
असं कुणी ढकललं नव्हतं मला. पुढे तर नाहीच.

मग नोंदणीचं पत्र आलं : धूर तपासून घ्या.

ब्लॅकस्टोनवर पाओ वांगचं दुकान.
त्यानं गाडी रोलरवर चढवली, मागं नळी खुपसली,
आणि मी दहावीच्या निकालाच्या फळ्यापुढं उभी राहावी
तशी पडद्यापुढं.
हायड्रोकार्बन कमी. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाहीच.
नायट्रोजनवाला आकडा मर्यादेच्या निम्मा.
मी पर्स उघडली.
त्यानं बॉनेट उघडलं.

टॉर्च दातांत धरून तो बराच वेळ वाकून होता.
मग टॉर्च काढून, पुसून, म्हणाला,
"प्लेट नाही यावर. नंबर नाही."
"पण धूर स्वच्छ आहे ना?"
"धूर पास," तो म्हणाला. "गाडी नापास."

हसू आलं. सांगलीत आमच्या स्कूटरचं पीयूसी
वडील पंपावरच्या टपरीतून आणायचे,
स्कूटर घरी, किल्ली खुंटीला,
आणि कागदावर आकडे दशांशापर्यंत.
तिथं धूर कुणी पाहिला नाही, इथं पाहिला
आणि तरी पुरला नाही.
भांडायला तोंड उघडलं होतं मी.
मलाही या देशात नंबर लागायला अकरा वर्षं लागली, म्हणणार होते,
तोवर काय मी धूर सोडत होते?

पण मी कम्युनिटी हॉस्पिटलात फुप्फुसांच्या चाचण्या घेते.
दिवसभर एकच वाक्य :
फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका.
सप्टेंबरात, जेव्हा सिएराचे डोंगर
आठ-आठ दिवस दिसत नाहीत,
माझ्या खुर्चीत पाच-सहा वर्षांची पोरं बसतात
आणि पडद्यावरची मेणबत्ती त्यांना विझवता येत नाही.
त्यांच्यातल्या एकीनं विचारलं होतं, ही खरी आहे का?

पाओला पैसे दिले. नापासचेही तेवढेच पडतात.

दोन शनिवारांत सगळं उतरवलं, जुनं चढवलं.
गाडी आता पास आहे आणि चढावर धापा टाकते.
वार्तान म्हणतो, परत घेईन, सहाशे.
नंबरवाली पेटी हवी तर चौतीसशे, आणि ती नवी, त्याच्याकडे नाही.
बघू, म्हटलंय.

तोवर टर्बो ओट्यावर, पोह्यांच्या डब्याशेजारी.
चहा उकळेपर्यंत
मी त्याच्या तोंडाशी वाकते आणि फुंकते.
चाक दोन फेरे घेतं.
अजून, मी म्हणते, अजून, सोडू नका.
तीन.