पान अकरा

मॉन्टपेलियर. फेब्रुवारी. पायऱ्यांवर मीठ टाकलेलं.
सोनेरी घुमटाखाली मी सहा मुलं घेऊन शिरले,
सहाही दोरीला धरून. दोरीला रंगीत कड्या,
एकेका मुठीला एकेक.
घरी ठेवणार कुणाजवळ?
तेच तर सांगायला आले होते.

पहारेकरी म्हणाला, बूट पुसा.
बारा बूट पुसले.

समितीपुढे माझ्या वाट्याला दोन मिनिटं.
दोन मिनिटांत मी एरवी
एक लंगोट बदलते आणि एक भांडण मिटवते,
किंवा नुसतंच भांडण.

कागद काढला, तर चष्मा ओट्यावर राहिलेला.
तोंडपाठ होतं तेवढं बोलले :
ओडेट थिबो पहाटे पावणेपाचला पोर देऊन जाते,
झोपलेलंच, पांघरुणासकट.
चीजच्या कारखान्यात तिची पाळी पाचला लागते.
तिच्या पगाराचा तिसरा हिस्सा माझ्याकडे येतो
आणि माझ्याकडे थांबत नाही,
भट्टीच्या तेलाला जातो, दुधाला, विम्याला.
फी वाढवली तर तिचं मोडतं,
नाही वाढवली तर माझं.
मधे कुणी चोर नाही हो,
मी हिशेब दोनदा तपासलाय.

एका सदस्यानं पानं उलटली, सावकाश.
तरतूद आहे की, मॅडम. पान अकरा.
'शासनास अनुदान देता येईल.'

देता येईल.
जेवणानंतर बिस्किट देता येईल,
असं मी ज्यूडला म्हणते तेव्हा
तो चार वर्षांचा मुलगा मान वर करून विचारतो,
पण देशील का?

सगळे हसले.
मी विनोद केला नव्हता.
लाल दिवा लागला. माझी मिनिटं संपली.
मागे गालिच्यावर दोघं झोपून गेली होती,
त्यांना उठवून पुन्हा कड्या धरायला लावल्या.

दुपारी ओडेट आली.
अंगाला ताकासारखा आंबूस वास,
डोक्यावरची जाळी काढायची विसरलेली.
काय झालं?
म्हटलं, एक शब्द बदलायचा राहिलाय.
कधी बदलतील?
ते नाही सांगितलं.

ती रेमीला उचलायला वाकली आणि थांबली.
सकाळपासून, सबंध राजधानीभर,
त्याचा डावा बूट उजव्या पायात होता.
जिन्यातच बसून तिनं दोन्ही काढले,
सरळ घातले, नाड्या बांधल्या.

उद्या? तिनं विचारलं.
पावणेपाच, मी म्हटलं.