तीन नंबरचा चौकोन

अनोखीलालनं शेडकार्ड टेबलावर पसरलं
पत्त्यांचा डाव मांडावा तसं,
आणि म्हणाला, "बोलो भिया, कौनसा?"

आता याला कसं सांगू
की लाल आणि हिरवा मला
एकाच आईची लेकरं वाटतात,
की पलासियाच्या सिग्नलला मी रंग नाही, जागा बघतो:
वरचा पेटला, थांब. खालचा पेटला, नीघ.
बँकेत एकतीस वर्षं अशीच काढली.
हिरव्या शाईतली सही साहेबांची,
लाल शाईतली तपासनिसाची,
मी वळणावरून ओळखायचो. कुणाला कळलं नाही.
सुलभाला कळलं, लग्नानंतर चौथ्या दिवशी,
लालबुंद म्हणून मी कच्चे टोमॅटो आणले तेव्हा.
ती हसली नाही. पिशवी घेतली, चटणी केली.
त्यानंतर घराचे रंग तिनं ठरवायचे
आणि बिल मी भरायचं.

आता नुसतं बिल उरलंय.
आणि सव्वीस तारखेला ऋजुता येतेय,
सहा वर्षांनी,
नवऱ्याला घेऊन, ज्याला मी याच दारातून
चहा न विचारता परत पाठवलं होतं.
त्यांची मुलगी चार वर्षांची आहे.
मला तिचा फक्त आवाज माहीत आहे.

कार्डावर नावं होती: पहाटेचं धुकं, जुना हस्तिदंत,
कुठल्याशा किनाऱ्यावरची वाळू.
माळव्यात किनारा कशाला हवा?
मी म्हणालो, "बैठक की दीवार पे चार चौकोन लगा दो."
"कौनसे चार?"
"जो तेरा मन करे."

मग चार दिवस मी खुर्चीत बसून
माणसं बघितली.

विम्याचे लछमनदासजी पहिल्यासमोर बसले,
फॉर्म काढला, पेन काढलं, अकरा मिनिटांत उठले.
पिंगळेवहिनी दुसऱ्यासमोर बसून
सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या;
ऊन आलं म्हणून खुर्ची तिसऱ्याकडे सरकवली
आणि मधेच थांबून म्हणाल्या,
"अर्धा कप उरला असेल तर द्या."
चौथ्यापाशी कुणी गेलंच नाही.
तिथं पंखा पोचत नाही, हे मला नंतर सुचलं.
प्रयोगात खोट होतीच.
पण अनोखीलाल स्वतः, पोह्यांचा कागद घेऊन,
वर शेव, वर जिरावण,
तिसऱ्याच्या खाली भिंतीला टेकून बसला
आणि मी न विचारता मुलाबद्दल बोलू लागला,
जो सुरतेला असतो आणि फोन उचलत नाही.

"तीन नंबर," मी म्हणालो.
"पक्का? इसमें थोड़ा सा वो जो..."
मी हात वर केला. नको सांगू.

गेल्या रंगपंचमीला राजवाड्याजवळच्या एका गच्चीवरून
मी गेर पाहिली होती.
टँकरचे फवारे, गुलालाचे ढग,
आणि तासाभरात सगळी माणसं एकाच गढूळ रंगाची.
तेवढा एक दिवस
अख्खं इंदूर माझ्या डोळ्यांनी बघतं.

दोन हात मारून झालेत.
खिडक्या उघड्या आहेत, तरी घरभर वास आहे.
दुसरा पंखा आणलाय, कोपऱ्यापर्यंत पोचणारा.
छोटी वेताची खुर्ची खिडकीशी, ऋजुता दिवाणावर.
जावयाची कुठं ठेवावी, हे काही केल्या ठरेना.
समोर ठेवली की मुलाखत वाटते.
दाराजवळ नको, मागच्या वेळी तिथंच होती.
शेवटी माझ्या शेजारी मांडली, भिंतीला पाठ करून.
तिथून दोघांनाही रंग दिसणार नाही,
हातातला कप तेवढा दिसेल.

चहात साखर किती घेतो तो,
तेही मला माहीत नाही.
ऋजुताला फोन करून विचारता येईल.
पण नकोच.
त्यालाच विचारीन.