कॅन्डल

पाणी आधी मोजावं, मग यंत्र विकावं,
हे मला कंपनीनं शिकवलेलं नाही.
सातपूर कॉलनीत ग्लासात मीटर बुडवला,
आकडा आला एकशे वीस.
म्हटलं, ताई, हे गंगापूर धरणाचं पाणी,
याला आरओ लावणं म्हणजे
निवडलेले तांदूळ परत निवडणं.
कॅन्डलचा साधा फिल्टर घ्या, नाहीतर उकळून प्या.
साहेब म्हणतो, तू दुकान बुडवशील.
पाथर्डी फाट्याला बोअरवेलचा आकडा साडेनऊशे.
तिथं विकतो की. तिथं जीभ अडखळत नाही.

खैरनार सर इंदिरानगरात, दुसऱ्या मजल्यावर.
चित्रकलेचे मास्तर होते.
त्यांच्या ओट्याच्या वर, यंत्राशेजारी,
भिंतीवर पेन्सिलीनं तारखा:
गाळाची जाळी, कार्बन, मेम्ब्रेन,
पुन्हा गाळाची जाळी.
अक्षर सरांचं नव्हे, बाईंचं.
आठ-नऊ ओळी,
आणि खाली हातभर कोरी भिंत.

मी काही विचारलं नाही.
डबा पान्यानं सोडवला.
पांढरी असायची ती जाळी
तपकिरी, बुळबुळीत, बोट घसरेल अशी.
सर म्हणाले, पण चालू होतं, हिरवा दिवा लागत होता.
दिवा लागतोच सर,
दिव्याला काय कळतं.
नवी जाळी बसवली, पेन्सिल मागितली.
"भिंतीवर नको," म्हणाले.
मग मी माझ्याच वहीत तारीख टिपली.

ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला नदी लागली.
नळाला चहाच्या रंगाचं पाणी,
तेही तासभर.
दोन दिवस वीज नाही.
शहरभर मी टांगलेली यंत्रं
भिंतीवर मुकी बसली.
फोनवर फोन. घसा बसेपर्यंत मी तेच सांगत होतो,
पाणी आधी निवू द्या,
तुरटीचे दोन-तीन फेरे, जास्त नकोत,
वरचं अलगद काढा, जुन्या धोतराच्या चार पदरांतून गाळा,
मग उकळा, बुडबुडे नव्हे, खळखळ.
सिलिंडर संपला? मग क्लोरीनचे थेंब,
बाटलीवर लिहिलेत तेवढेच,
आणि अर्धा तास हात लावू नका.
शकीलाबी म्हणाल्या, आमचा कॅन्डलवाला कालपासून भराभर गळतोय, मशीनपेक्षा बरा!
म्हटलं, खाला, खूश होऊ नका,
कॅन्डल तडकली असेल.

सरांचा फोन आला नाही,
म्हणून गुडघाभर चिखलातून गेलो.

माळ्यावरचा स्टीलचा फिल्टर ओट्यावर उतरवला होता.
सर एक कॅन्डल मऊ ब्रशनं घासत होते,
साबण नाही, घाई नाही,
कागदावरची रेघ खोडावी तसं.
मोरीत पांढरट पाणी ओघळत होतं.
"घासली की वाहते," म्हणाले,
"आणि घासली की झिजते. टाकायची कधी?"
मी माप सांगणार, तेवढ्यात त्यांनीच
फडताळातून एक बांगडी काढली,
मुलीची, पाचेक वर्षांची असतानाची.
"प्रमिला यातून घालून बघायची.
अडली तर ठेवायची."

पहिली अडली.
दुसरी अडली, जरा कुरकुरत.
तिसरी सुळकन पलीकडे गेली,
आणि सर रिकाम्या बांगडीतून
बराच वेळ ओट्याकडे बघत राहिले.

माझ्या पिशवीत एक नवी होती.
पैशाचं नंतर बघू म्हटलं.
रबरी चकती बसवली, चक्री आवळली, हातानंच, पान्यानं नको.
पहिली दोन भांडी ओतून द्यायची असतात.
एक सरांनी कुंडीतल्या गवती चहाला घातलं.
दुसरं ओतता ओतता थांबले,
घोटभर पिऊन बघितलं.
"मातीचं लागतंय."
लागणारच सर, मातीच आहे ती.

जिन्यात तोवर खालच्या मजल्यावरची पोरं
बाटल्या घेऊन बसली होती.
एका तासाला लिटर, फार तर दीड.
सरांनी त्यांना नंबर लावून दिले,
खडू सापडेना, म्हणून पेन्सिलीनं,
भिंतीवर,
त्या तारखांच्या खाली.