एकोणीस नंबरची नळी

लोफोटेनहून बर्गनला आलेली नळी.
ओड्नी, वय चौऱ्याण्णव.
कोपऱ्यात नर्सने पेन्सिलीने लिहिलंय:
'बाई म्हणतात, मला तो ताप आलाच नव्हता.'

घरात तसंच सांगत आले सगळे.
अठरा सालचा नोव्हेंबर,
एका पलंगावर दोघं भावंडं,
एकच लोकरी पांघरूण.
एइविन्द सहाव्या दिवशी गेला
आणि हिला तो शिवलासुद्धा नाही.
आई पुढे जन्मभर हिच्याकडे बघायची ती
वाढून तसंच राहिलेल्या ताटाकडे बघावं तशी.

मी नळीतल्या पेशी वेगळ्या केल्या.
फार नव्हत्या.
त्यांच्यापुढे ठेवला त्या विषाणूचा तुकडा,
निर्जीव; नुसता चेहरा म्हणा.
दोन दिवस काही नाही.
तिसऱ्या दिवशी एकीने धरला,
अंधारात आपल्याच दाराची कडी
हाताला लागावी तसा.

म्हणजे झालं होतं सगळं.
चार वर्षांच्या त्या गळ्यात तो उतरला होता,
पेशींवरच्या साखरेला चिकटून,
आत शिरून स्वतःच्याच नकला काढत.
मरता मरता पेशींनी शेजारणींना हाका दिल्या होत्या,
पहारेकरी आले होते,
आणि त्यांनी आपल्याच माणसांची घरं पाडली होती
आग पुढे सरकू नये म्हणून.
कानाखालच्या गाठीत कुणी
जाळं विणत बसलं होतं:
ही वीण सैल, उसव.
ही आवळ, उसव.
नेमका हाच मासा अडकेल अशी सापडेपर्यंत.

बाहेर मुलगी नुसती किरकिरी. जरा कमी जेवलेली.
आईचं लक्ष दुसऱ्या उशीकडे.

विणणारीने ती वीण लेकीला दिली,
लेकीने तिच्या लेकीला.
अगदी तसा मासा
पुन्हा त्या किनाऱ्याला आला नाही.
तरी नव्वद वर्षं कुणी जाळं मोडलं नाही.

निकाल कळवायला फोन मीच केला.
सेनाइतने, त्या नर्सने, बाईंच्या कानाशी धरला.
खिडकी उघडी असावी;
वाळत घातलेल्या कॉडच्या जोड्या
वाऱ्याने एकमेकींवर वाजत होत्या.

खूप वेळाने त्या म्हणाल्या,
'मग आधी कुणाला झाला?
मला, का त्याला?'

ते रक्तात राहत नाही, मी म्हणाले.

'बरं.'
मग, फोन ठेवता ठेवता,
'पांघरूण माझ्या बाजूला जास्त होतं.'