सव्वाचार ओहम

तक्रार अशी होती की आम्ही फसवलं.
दोन हजार वॅटची सांगून
पंधराशेची कॉइल गळ्यात मारली,
असं मिराशी बाई फोनवर म्हणाल्या.
फोन भोईरकाकांकडे दिला
तर तेच म्हणाल्या, फक्त मोठ्याने.

वागळे इस्टेट, बावीस नंबर रस्त्याचं टोक.
दुकान कसलं, एक शटर आणि एक लेथ.
नायक्रोमची तार मी स्वतः गुंडाळते,
दर फेऱ्याला जीभ दातांत धरून.
सव्वीस पूर्णांक चार ओहम,
वहीत आहे, तारखेसकट.
काका म्हणाले, वही राहू दे, क्लॅम्प मीटर घे.
लिहिलेला आकडा कोणी मानत नाही,
हलता दिसला की मानतात.

जानेवारी. पहाटेचे सहा. किसननगर.
जिन्याखाली मीटरची फळी, अकरा बिऱ्हाडांची,
वर एक मांजर आडवी पसरलेली.
तिला ओलांडून चौथा मजला.
बाई दारातच. "ह्यांना कोमट चालत नाही."
हे आतून खोकले, पुराव्यादाखल.

गीझर चालू.
प्लगपाशी एकशे अठ्ठ्याण्णव व्होल्ट.
तार चिमट्यात धरली, साडेसात अँपिअर.
दुधाच्या बिलामागे भागाकार मांडला
आणि उतरलं बरोब्बर
सव्वीस पूर्णांक चार.
कॉइल, शाबास.
मग गुणाकार. चौदाशे पंच्याऐंशी वॅट.
म्हणजे बाईही खऱ्या.

शाळेत ह्याला विभवांतर म्हणायचे.
व्याख्येला दोन गुण होते, मला दोन्ही मिळाले होते.
कुठून कुठवरचं अंतर
हे कोणी विचारलं नव्हतं.

खाली फळीवर मोजलं, तर पुरे दोनशे तीस.
मग मधले बत्तीस कुठे सांडले?
जिन्यात बसूनच हिशेब केला, गार पायरीवर.
बत्तीस भागिले साडेसात,
सव्वाचार ओहम, वर चिमूटभर.
हे कोणी मागवले नव्हते,
कोणी गुंडाळले नव्हते.
बत्तीस गुणिले साडेसात,
दोनशे चाळीस वॅट.
एवढी ऊब रोज सकाळी
वाटेत कोणीतरी खातंय,
आणि बिल मिराशींच्या नावावर.

तेव्हा मांजरीकडे पाहिलं.
अकरा मेन स्विच,
आणि ती नेमकी एकाच झाकणावर
पोट टेकून, डोळे मिटून.
तिला उचललं. झाकणाला हाताची पालथी लावली.
नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखं.

फ्यूज काढला. वरून आरोळी, "लाइट गेली!"
आत एक स्क्रू, अर्धा फेरा सैल,
तार काळी, कडेचं प्लास्टिक वितळून ओघळलेलं.
आणखी महिनाभर गेला असता तर फळीच पेटती.
कापलं, खरवडलं, आवळलं.
मनगट दुखेपर्यंत आवळलं.

वर दोनशे तीस. आठ पूर्णांक सात.
दोन हजार, आणि एक वॅट उगाच.
आतून बादलीचा आवाज आला, खोकला नाही.
बाईंनी चहा दिला, माफी नाही.
मग कप पुसता पुसता म्हणाल्या,
"म्हणजे आमची जुनी कॉइलसुद्धा चांगलीच होती?"

चहा फार गरम होता. मी फुंकत बसले.

उतरताना मांजर त्याच झाकणावर होती.
बसली. उठली.
वास घेतला.
शेजारच्या झाकणावर जाऊन पाहिलं.
परत आली.

दुकानात भंगाराच्या डब्यातून
मिराशींची जुनी कॉइल शोधून काढली,
चुन्याने पांढरी झालेली, टोकाला त्यांचं नाव.
मीटर लावला.
सव्वीस पूर्णांक दोन.

काकांना आकडा दाखवला.
लेथ बंद न करता ते म्हणाले,
आधी मोजायला हवं होतं.
कोणी, ते म्हणाले नाहीत.
गल्ल्यातून अकराशे काढून
त्यांनी पाकिटावर बाईंचं आडनाव लिहिलं,
आणि मला म्हणाले,
तूच नेऊन दे.