बोटीचं अंतर

मुनाफनं चेन घातली, ब्रेकची रबरं बदलली
आणि सीट दीड बोट वर घेताना विचारलं,
"सर, नक्की हेदवीपर्यंतच ना?"
हो म्हटलं.
सुलक्षणालाही हेदवीच सांगितली होती.

मागच्या पडवीत एकोणीस वर्षं
उलटी टांगलेली होती सायकल,
आऱ्यांत खोवलेली कोयती,
हँडलला भाताच्या बियाण्याची पिशवी.
एवढ्या काळात मी काय कमावलं तर
छातीत दोन जाळ्या,
उपाशीपोटी एकशे अठ्ठेचाळीस साखर,
आणि डाव्या गुडघ्यात एक कुरकुर
जी आता पेडलच्या कुरकुरीत मिसळून जाते,
कोणाची कुठली कळत नाही.

पालशेतच्या उतारावर
वारा शर्टात शिरला
आणि मी बावीस वर्षांचा वगैरे झालो नाही.
बावन्नचाच राहिलो.
डोळ्यांतून पाणी आलं,
वाऱ्यानं येतं तेवढंच.

खिशात गोळ्यांची डबी,
जिभेखाली ठेवायची ती वेगळ्या पुडीत,
चार खजूर, आधार कार्डाची झेरॉक्स,
तिच्या पाठीमागे सुलक्षणाच्या अक्षरात:
"हे रक्त पातळ होण्याची गोळी घेतात.
पडल्यास लगेच दवाखान्यात न्यावे.
नाही म्हणतील, ऐकू नये."
लग्नानंतर तिनं माझ्याविषयी
इतकं लांब काही लिहिलेलं नाही.

हेदवी आली. वळायला हवं होतं.
वळायच्या जागी एक म्हैस आडवी उभी होती,
हे कारण मी घरी सांगेन.

पुढची चढण.
आमचा नियम होता, माझा आणि भाल्या नरवणकरचा:
चढणीला उतरायचं नाही.
उतरेल त्यानं चहा द्यायचा.
भाल्यानं एकदाही दिला नाही.
शेचाळिसाव्या वर्षी गेला तो,
ऑफिसात, खुर्चीत, फाईल बांधता बांधता.
सपाटीवर.

तिसऱ्या वळणाला मनगटावरचं घड्याळ म्हणालं, एकशे एक्कावन्न.
डॉक्टर म्हणाले होते, एकशे तीसच्या वर थांबा.
भाल्या काही म्हणाला नाही.
मी उतरलो.
पाय जमिनीला लागला तेव्हा
जांभ्याची लाल धूळ चपलेवर बसली, बस्स.
एवढंच होतं ते.
ह्याच्यासाठी मी किती वर्षं दात आवळले होते.

मागून कवळाचा भारा घेऊन एक बाई आली,
माझ्याहून दहा वर्षांनी तरी थोर.
"काय वो, सायकल बिगाडली?"
"नाय. मानूस."
ती हसली, भारा हलला, सावरला.
"मंग चला चालत. आमी काय रोज उडत जातो?"
निम्म्या वाटेत ती पुढे गेली.
तिच्या पानांचा वास बराच वेळ माझ्यासोबत होता.

सड्यावर कोणी नव्हतं.
वाळलेलं गवत, दोन टिटव्या भांडत,
काजूला मोहोर, आणि खाली एकदम
खाडीचं तोंड उघडलेलं.
घड्याळ एकशे आठवर आलं.
खजूर खाल्ला. पुन्हा बसलो.

तवसाळच्या जेटीवर फोन वाजला.
"कुठे आहात?"
"हेदवीच्या जरा पुढे."
नेमका तेव्हा बोटीनं भोंगा दिला.
ती गप्प. मीही.
मग म्हणाली, "जयगडला उतरलात की दुपारची गोळी घ्या.
उन्हात बसू नका."

बोटीत सायकल टेकवली
बर्फाच्या टेम्पोला, पाणी ठिबकत होतं सीटवर.
जुनी वही काढली.
बोटीचं अंतर आम्ही कधी धरत नसू,
बसून कापलेलं ते कसलं अंतर,
भाल्याचा हाही नियम.
मी लिहिलं: गुहागर ते तवसाळ, पैकी थोडं पायी.
खाली लिहिलं: खाडी, बोटीनं.
आणि दोन्हींची बेरीज केली.
भाल्या असता तर खोडलं असतं.

समोर जयगडची चढण दिसायला लागली.
टेम्पोवाल्याला विचारलं,
उतरल्यावर चहा घेणार का, मी देतो.
तो म्हणाला, "घेऊ की.
पण कशाबद्दल?"